ढोके मॅडम आणि अंटार्क्टिकातले वावर

दिग्रस ते पुसद हा एसटीने तासाभराचा रस्ता. प्रा. डॉ. रत्नमाला ढोके दिग्रसच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या आणि माझा तांडा पुसदजवळचा. बसस्टँडवर आम्ही कितीदा एकमेकांच्या समोरून गेलो असू, देव जाणे! पण ओळख व्हायला दोघांनाही अंटार्क्टिका गाठावे लागले.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. इथे मोठमोठे प्राध्यापक लिहिणार, मॅडमचे विद्यार्थी लिहिणार. मी डिझेल इंजिनाचा माणूस. सैन्यात जनरेटर दुरुस्त केले आणि तिथूनच आपल्या देशाच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेत मेकॅनिक म्हणून गेलो. पण मग विचार केला, मॅडमना तिथे काम करताना पाहिलेला या जिल्ह्यात मी एकटाच आहे. मी नाही सांगितले तर कोण सांगणार? तेव्हा वाचकांनी भाषेतले खाचखळगे सांभाळून घ्यावेत.

आम्ही तेवीस जणांनी केंद्रावर हिवाळा काढला होता. हिवाळा म्हणजे काय, तर जवळपास दोन महिने सूर्यच उगवत नाही. वर्षभर त्याच तेवीस चेहऱ्यांना पाहायचे, डब्यातले अन्न खायचे, खिडकीबाहेर काळा खडक आणि पांढरा बर्फ. डिसेंबरात आफ्रिकेच्या टोकावरून विमान आले आणि उन्हाळी तुकडी उतरली, तेव्हा आम्ही लहान पोरांसारखे दाराशी गोळा झालो. कोणाला घरची पत्रे हवी होती. मला टमाटे हवे होते.

टमाट्यांच्या आधी दारातून एक ठेंगण्या बाई आत आल्या. अंगात त्यांच्या मापापेक्षा मोठे लाल जाकीट, हातात छोटा व्हॅक्यूम क्लीनर. त्यांनी दोन्ही हात आडवे पसरून दारच अडवले आणि हिंदीत फर्मान सोडले की एकही पिशवी तपासल्याशिवाय आत जाणार नाही. तुकडीतली माणसे थकलेली, थंडीने कावलेली. कोणीतरी पुटपुटले, "मॅडम, निघण्यापूर्वीच सगळं साफ केलंय." मॅडम म्हणाल्या, "तर मग माझ्या पिशवीपासून सुरुवात करू."

त्यांनी स्वतःची पाठपिशवी पालथी केली. शिवणीत व्हॅक्यूमचे तोंड फिरवले, जाळीवर जमलेला कचरा पांढऱ्या कागदावर झटकला, भिंग लावले. आणि एकदम ओरडल्या, "अव माय! तरोटा!"

तो शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तरोटा! आमच्या धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, पावसाळ्यात माजणारे ते झुडूप, ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी माझी याडी, म्हणजे माझी आई, करते. मी पुढे घुसलो आणि विचारले, "मॅडम, तुमी कुठल्या?"

"दिग्रसची. काहून?"

"मी पुसदचा!"

"अरे बाप्पा! थांबा, हे पाकिटात टाकतो न येतोच तुमच्याकडं."

इतरांना वाटले असेल या बाई 'टाकतो', 'येतो' काय म्हणतात. पण आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात. वर्षभरानंतर ते बोलणे कानी पडले आणि मला टमाट्यांचा विसर पडला. मॅडमनी मात्र आधी ते बी पाकिटात बंद केले, वहीचे पहिले पान उघडले आणि पहिल्या ओळीत लिहिले: तरोटा, एक बी, पिशवी रत्नमाला ढोके यांची. मग तेच मोठ्याने सगळ्यांना वाचून दाखवले. "तीन वेळा झटकून आणली होती," त्या म्हणाल्या, "तरी आलं. आता आणा तुमच्या पिशव्या." त्यानंतर कोणीही कुरकुर केली नाही. ज्या माणसाने आपली चूक पहिल्या ओळीत लिहिली, त्याच्याशी वाद कोण घालणार?

मॅडम तिथवर कशा पोहोचल्या, हे मला त्यांनी पुढे जेवताना तुकड्या-तुकड्याने सांगितले. या ग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांना ते ठाऊक आहे, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅडमचे माहेर बोरी अरब. त्यांच्या आई निंदणाला जात, म्हणजे दुसऱ्यांच्या कपाशीच्या पऱ्हाटीतले तण काढायला. लहानग्या रत्नमालाबाई आईच्या मागे ओळीत बसत आणि प्रत्येक तणाचे नाव विचारत. केना, कुरडू, आघाडा, गाजरगवत. पुढे त्याच नावांना त्यांनी शास्त्रीय नावे जोडली. तण एका गावातून दुसऱ्या गावात जाते कसे, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्या पावसाळ्यात दिग्रसच्या बसस्टँडवर जात आणि एसटीच्या चाकांना लागलेला चिखल खरवडून डब्यात भरत. यवतमाळच्या गाडीचा डबा वेगळा, पुसदच्या गाडीचा वेगळा. तो चिखल कुंड्यांत पसरून पाणी घालायचे आणि काय उगवते ते पाहायचे! स्टँडवर त्यांना 'चिखलवाल्या मॅडम' म्हणत. एका ड्रायव्हरने म्हणे हात जोडले होते, "मॅडम, खरवडताच आहा तं आख्खी गाडीच धुऊन द्या ना!" मॅडमनी ती गाडी खरेच धुतली आणि पाणीही बादलीत धरून नेले.

चाकाच्या चिखलावरचे त्यांचे काम वाचूनच मोहिमेकडून बोलावणे आले. माणसाबरोबर न बोलावलेले काय काय अंटार्क्टिकात येते, ते तपासायला तण ओळखणारी नजर हवी होती. त्या वेळी मॅडम पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या.

आमच्या केंद्राभोवती बर्फ नसलेली खडकाळ जमीन आहे, मध्ये लहान लहान तळी आहेत. नुसती पाहिली तर उजाड. मी वर्षभर तिच्यावरून चाललो आणि मला दगडच दिसले. मॅडमनी चौथ्या दिवशी सगळ्यांना बाहेर नेले आणि केंद्रापासून तळ्याकडे जाणारी आमची जवळची वाट बंद केली. आम्ही ती वाट वापरत होतो कारण ती जवळची होती, बस. मॅडमनी तिच्या तोंडाशी दगड रचले, लांबच्या खडकावरून दुसरी वाट आखली आणि म्हणाल्या, "यापुढे सगळे धुऱ्यावरून चालतील. पिकातून कोणी जायचं नाही."

आमचे प्रमुख दक्षिणेकडचे, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी विचारले, "मॅडम, पीक कुठे आहे?" मॅडम हसल्या. "दाखवतो सर, सवडीनं दाखवतो. आज फक्त चाला." आणि प्रमुखांसकट सगळे एका ओळीत खडकावरून चालले.

आता मला तो प्रसंग सांगायचा आहे, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. तो सांगताना माझी थोडी फजिती होते. होऊ द्या.

आमच्या जनरेटरच्या खोलीमागे एक कोपरा आहे. तिथे वारा लागत नाही आणि रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा भिंतीवरून खाली उतरते. त्यामुळे तिथला बर्फ लवकर वितळतो आणि वाळू ओलसर राहते. मॅडम येण्याच्या महिनाभर आधी मी तिथे पंख्याची जाळी साफ करायला गेलो होतो, तर वाळूत काहीतरी हिरवे दिसले. मी गुडघ्यांवर बसलो. गवत होते! बोटाएवढे, दोन-तीन पात्यांचे, खरेखुरे जिवंत हिरवे गवत. मी हातमोजा काढला आणि त्याला बोट लावले. इतक्या महिन्यांत मी वाढणाऱ्या कशालाही हात लावला नव्हता. सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले.

मी आधी कोणाला सांगितले नाही. मग स्वयंपाक्याला सांगितले, आणि स्वयंपाक्याला सांगितले म्हणजे सगळ्यांना सांगितले. एकेक जण जेवण झाल्यावर त्या कोपऱ्यात जाऊन येऊ लागला. कोणी त्याच्याजवळ नुसता उभा राही, कोणी फोटो काढून घरी पाठवी. मी त्याच्याभोवती दगडांचे आळे केले, थंड वारा सुटला की काचेची बरणी उपडी घालू लागलो. महिनाभरात त्याचा चांगला तळहाताएवढा झुपका झाला. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. मी त्या झुपक्याला वावर म्हणायचो, तर केरळपासून काश्मीरपर्यंतचे सगळे भिडू त्याला 'राठोड का वावर' म्हणू लागले! बाहेरचे झाड-झुडूप तिथे लावायचे नाही, हा नियम आम्हांला माहीत होता. पण आम्ही कुठे लावले होते? ते आपणहून आले होते, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. प्रमुखांनीही पाहून न पाहिल्यासारखे केले.

मॅडम आल्यावर मला वाटले, या तर गवताच्याच माणूस! यांच्याइतका आनंद दुसऱ्या कोणाला होणार? आठवडा झाला आणि मला राहवेना. मी म्हटले, "मॅडम, चला, तुमाले एक गंमत दाखवतो." त्यांना जनरेटरमागे नेले आणि जादूगारासारखी बरणी उचलली.

मॅडम खाली बसल्या. मी वाट पाहत होतो की आता हसतील, आता टाळी देतील. त्यांनी भिंग काढले, पाती बाजूला करून झुपक्याच्या पोटात पाहिले आणि हळूच विचारले, "कणीस धरून राह्यलं हे. तुमी पाह्यलं?"

"हो ना! आता फुलते बहुतेक!" मी आनंदाने म्हणालो.

"राठोडभाऊ, हे मले उपटा लागते."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. "कायले?"

"बी पडायच्या आधी काढलं पाह्यजे. इथला वारा पाह्यला ना तुमी? एकदा बी उडालं की मंग आपल्या हातात नाही."

माझा पारा चढला. मी म्हणालो, "एवढ्या मोठ्या मुलुखात एक झुपका मॅडम! एक! त्यानं कोणाचं काय बिघडलं?"

"निंदणात पहिले एकच असते, भाऊ."

"पण तण म्हणायला पीक तरी पाहिजे ना! इथं दगडाशिवाय आहे काय? तुम्ही आत्ता आल्या. आम्ही इथं अंधार काढला आहे. हे गवत उगवलं नसतं तर आमच्यातले दोघं-तिघं वेडे झाले असते."

बोलून गेलो आणि माझा मलाच आवाज मोठा वाटला. एका विदुषीशी मी अशा चढ्या स्वरात बोललो, याचे मला आजही वाईट वाटते. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं खोटं नाही. मी प्रमुखांकडं रीतसर परवानगी मागतो, फोटो घेतो, मोजमाप घेतो. त्याले दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात आपण दोघं एकदा बोलू. तुमच्या पाठीमागून मी त्याले हात लावत नाही. पण कणसाची वाट मात्र नाही पाहता येत."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्या जेवायला बसल्या की मी ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचो. भिडूंमध्येही दोन तट पडले. बहुतेक माझ्या बाजूने होते आणि त्याचा मला फुकटचा अभिमान वाटत होता. मॅडम रोज त्या कोपऱ्यात येत, मोजमाप घेत आणि जाताना बरणी व्यवस्थित झाकून जात. ते मी खिडकीतून पाहत असे. उपटायचेच आहे तर झाकता कशाला, असे मला वाटे. पण त्या झाकत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या वर्कशॉपमध्ये आल्या. म्हणाल्या, "चला, पीक दाखवतो."

जायचे नाही असे ठरवले होते, तरी गेलो. खडकावरून बरेच लांब चालल्यावर दोन तळ्यांच्या मधल्या एका खोलगट जागी त्यांनी मला पोटावर झोपायला सांगितले. स्वतःही झोपल्या. गालाला दगड लागत होता. त्यांनी माझ्या डोळ्यांना भिंग लावले.

काय सांगू! जिला मी काळपट वाळू समजत होतो ते शेवाळ होते. मखमलीसारखे, बारीक बारीक उशांसारखे. काही हिरवे, काही सोनेरी, काही तपकिरी. वितळलेल्या बर्फाचा एक थेंब त्याच्या टोकावर थरथरत होता आणि त्या थेंबात काहीतरी चालत होते! आठ पायांचा, अस्वलासारखा डुलणारा जीव, डोळ्यांना भिंगाशिवाय न दिसणारा. शेजारच्या दगडावर नारिंगी दगडफूल होते, जुन्या गंजासारखे. वर्षभर मी या जमिनीला उजाड म्हणत होतो आणि ती भरलेली होती!

"हे शेवाळ वर्षाले किती वाढते?" मी विचारले.

"तुमच्या नखाच्या जाडीइतकं बी नाही," मॅडम म्हणाल्या. "आता हिकडं पा."

तीन हातांवर शेवाळाच्या मखमलीत एक खड्डा होता. लांबट, टाचेकडे खोल. बुटाचा ठसा! आजूबाजूला हिरवे आणि ठशाच्या आत नुसती वाळू. तो आमच्या बुटांचा नव्हता, तळव्याची नक्षी जुन्या पद्धतीची होती. आमच्या कितीतरी आधी आलेल्या कोणाचा तरी.

"कोणाचं पाऊल हाय माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "चांगलाच माणूस असन. त्यानं एक पाय टाकला न घरी गेला. हे अजून भरून नाही निघालं. आता तुमचं गवत इथवर आलं, त्याच्या मुळ्या याच्यात घुसल्या, तं हे कोणाले सांगन? याले तोंड नाही. हजारो वर्षं एकटं राह्यलं हे. याले झगड्याची सवय नाही. आपलं गवत आपल्यासारखंच हाय भाऊ, कुठंबी जगते, रेटून जगते."

उठताना मी हात कुठे टेकतो आहे हे पाहून मग हात टेकला. असे मी आयुष्यात प्रथमच केले.

परत येताना मी एकच विचारले, "ते गवत माझ्या सामानातून आलं का?" मला त्याची धास्ती होती. पुसदहून निघताना याडीने दिलेली घोंगडी मी सोबत आणली होती.

मॅडम थांबल्या. "घोंगडीतून आलं असन, लाकडी खोक्यातून आलं असन, प्रमुखांच्या पायमोज्यातून बी आलं असन. माणूस शोधून काय करता? दार शोधू. दार सापडलं की बंद करता येते."

त्याच दुपारी गवत काढले. मॅडमनी खुरपे माझ्या हातात दिले. मी वर धरून ओढायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "वरून खुडलं ते निंदण नाही, ती हजामत. माझी आई म्हणायची. मुळासकट घ्या." आम्ही झुपक्याभोवती हातभर खोल खणले. भिडू सगळे उभे होते. स्वयंपाक्याने नाक पुसले. झुपका आणि खालची वाळू पिशवीत भरून मी स्वतः बांधली. जड वाटली. मग मॅडम म्हणाल्या, "आता खरं काम." पुढचे पाच दिवस त्यांनी आम्हा सगळ्यांना त्या कोपऱ्यात ओळीने बसवले आणि वाळू चाळायला लावली.

आणि सापडले! भिंतीकडेला, पाणी झिरपते त्या फटीत, केसाएवढ्या सात हिरव्या काड्या. त्याच गवताची पिले. पहिला जो झुपका मी पाहिला तो एकटा नव्हताच. बहुधा आदल्या उन्हाळ्यातच आमच्या नकळत एखादे कणीस पिकून गेले होते. पहिली काडी मलाच दिसली आणि मी इतक्या जोराने ओरडलो, "मॅडम, सापडलं!" की जनरेटरच्या आवाजातही ते आत ऐकू गेले. ज्या माणसाने दोन दिवस अबोला धरला होता, तोच आता पोटावर पडून तण शोधत होता आणि सापडले की नाचत होता. मॅडमही नाचल्या. हे त्यांच्या विद्यार्थ्यांना खरे वाटणार नाही, पण नाचल्या!

दारही सापडले. सामानाची लाकडी खोकी ज्या पेंढ्याने भरलेली येत, त्या पेंढ्यात तसेच बी निघाले. मॅडमच्या अहवालानंतर पेंढा बंद झाला. पुढच्या तुकड्यांचे कपडे, बूट, पिशव्या निघण्याआधीच तपासल्या जाऊ लागल्या. त्या अहवालात माझ्या वावराचा उल्लेख आहे, पण माझे नाव कुठेही नाही. 'निवासी सदस्यांनी स्वतः झुपका काढण्यास मदत केली' एवढेच. मी बरणी झाकत होतो, हे त्यांनी लिहिले नाही. आज मी लिहितो आहे.

त्या उन्हाळ्यात माझ्या कामाकडे पाहण्याची माझी रीतच बदलली. डिझेल भरताना नळीतून चार थेंब खाली पडले तर मी पूर्वी पाय फिरवून मोकळा होत असे. आता प्रत्येक पिंपाखाली मी ट्रे ठेवू लागलो. एकदा थेंब पडलाच, तर तेवढा बर्फ खरवडून डब्यात भरला. माझा मदतनीस हसला. मी त्याला सांगितले, "इथं माती कुजवत नाही, पाऊस धूत नाही. आपण टाकलेलं इथंच राहते." हे वाक्य मॅडमचे. मी आपले म्हणून खपवले.

मॅडमचा मोठेपणा तिथेच संपत नाही. आम्ही परत आलो तेव्हा मी काहीसा हरवल्यासारखा झालो होतो. तांड्यावर सगळे विचारत, बर्फ कसा असतो, आणि मला सांगता येत नसे. महिनाभरात मॅडमचा फोन आला: शनिवारी महाविद्यालयात या, मुलांशी बोला. मी म्हणालो, मी मेकॅनिक, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "जनरेटरमागं काय दिसलं तेवढं सांगा." त्या दिवशी त्यांनी माझी ओळख 'राठोड सर' म्हणून करून दिली आणि स्वतः पहिल्या बाकावर मुलींमध्ये वही उघडून बसल्या. मी जे बोललो ते त्या खरोखर लिहून घेत होत्या! मग मीही बोललो. तेव्हापासून जिल्ह्यातल्या शाळाशाळांत मी बोलत आलो आहे. मुले विचारतात, "सर, एका पावलानं काय होते?" मग मी त्यांना तो ठसा सांगतो.

त्यानंतर एकदा त्या मुद्दाम आमच्या तांड्यावर आल्या. माझ्या याडीला त्यांना पाहायचे होते. याडीला शेवाळ, अहवाल यातले काही कळण्याजोगे नव्हते. तिने मॅडमचा हात हातात घेतला, तळवा उलटून पाहिला आणि विचारले, "बाई, तुले शिक्षण हाय, नोकरी हाय. एवढ्या दूर बर्फात कायले गेलती तू?"

मॅडम म्हणाल्या, "निंदाले."

याडी अशी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "निंदणाले वावर दूर असलं तरी जावं लागते." मी गेली कित्येक वर्षे लोकांना जे समजावतो आहे, ते त्या दोघींनी एका शब्दात मिटवले आणि तरोट्याच्या भाजीवर जेवायला बसल्या.

मॅडमची शिस्त मोठी, पण तिला दुसऱ्याला खाली पाहायला लावण्याची सवय नाही. त्यांच्या हाताखाली शिकून किती मुली प्रयोगशाळांत गेल्या, ते इतर लेखांत वाचालच. मला ठाऊक आहे ते एवढे की त्या ज्याच्याशी भांडतात त्याला सोबत घेऊनच पुढे जातात. मी त्याचा जिवंत पुरावा आहे.

आणि आता ताजी बातमी, जी समितीलाही मी हा लेख देतानाच कळणार आहे! गेल्या आठवड्यात सकाळी मॅडमचा फोन आला. आवाजात सोळा वर्षांच्या मुलीचा उत्साह. "राठोडभाऊ, मेडिकलमध्ये पास झाली मी!" येत्या उन्हाळी तुकडीबरोबर त्यांना पुन्हा बोलावले आहे. जनरेटरमागचा कोपरा इतक्या वर्षांनी कसा आहे ते पाहायचे आणि तिथल्या तरुण शास्त्रज्ञांना तण ओळखायला शिकवायचे. डॉक्टरांनी म्हणे त्यांना जिने चढायला लावले, तर डॉक्टरच मागे राहिले. निवृत्तीच्या सत्काराची शाल अंगावर पडायच्या आधीच या बाई जाकिटाचे माप देऊन आल्या!

मॅडम, तुमच्या साठीला आम्हा सगळ्यांचा नमस्कार. तुमचे गुडघे असेच खडक चढोत, नजर अशीच बारीक राहो, छातीत दम असाच भरलेला असो. तुम्ही पंचाहत्तरी पाहावी, शंभरी पाहावी, आणि प्रत्येक वेळी आमच्या आधी तयार होऊन दाराशी उभे राहून आम्हांला म्हणावे, "चला ना, काहून बसले?" विमानतळावर पोहोचवायला दिग्रसहून एक गाडी, पुसदहून एक गाडी आणि बोरी अरबहून दोन गाड्या निघणार आहेत, हे तुम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही. आता कळले. नको म्हणू नका. आम्ही येणारच.

— प्रेमदास राठोड, पुसद